शंका विचारली म्हणून गुण कापू नका : आमच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख आणि मनुष्यबळ विभाग प्रमुख,
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक

स. न. वि. वि.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्यासाठी हे पत्र आहे, त्यांना दोन परिच्छेदांतच कळेल. बाकीच्यांनी ते आपल्याच कंपनीचं समजून वाचलं तरी हरकत नाही, कारण सातपूर, गोंदे, सिन्नरकडे काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणी थोड्याफार फरकाने हेच सांगतात. हे पत्र मी आधी तुमच्याच हाती दिलं होतं. पोच मिळाली. ३ आठवडे झाले, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे.

विषय एप्रिलपासून लागू झालेल्या ‘संवाद निर्देशांका’चा आहे. परिपत्रकाप्रमाणे प्रत्येकाच्या मेलना दर महिन्याला गुण मिळतात. २ तासांत उत्तर गेलं नाही तर गुण कापले जातात. मेलचा सूर ‘व्यावसायिक’ नाही असं सॉफ्टवेअरला वाटलं तर कापले जातात. शिफ्टच्या ग्रुपवर मराठीत लिहिलं तरीही कापले जातात. महिनाअखेरीला गुणांची यादी कँटीनच्या बोर्डावर लागते आणि अप्रेझलमध्ये १०० पैकी १५ गुण या निर्देशांकाचे आहेत. हा नियम फक्त नाशिकच्या कारखान्याला आहे. जर्मनीतल्या मुख्य कार्यालयाला तो लागू नाही, हे मी विचारून खात्री करून घेतलं आहे.

मी गुणवत्ता विभागात १९ वर्षं आहे. सिन्नर तालुक्यातल्या गावात मराठी शाळेत शिकले, नाशिकच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला. कामाला लागले तेव्हा इंग्रजी वाचता यायचं, लिहायला बसलं की हात थांबायचा. पहिला मेल एका गेजच्या, म्हणजे मोजमापाच्या साधनाच्या, कॅलिब्रेशनबद्दल होता. ३ ओळी, आणि त्यांना मला पाऊण तास लागला. तेव्हाचे माझे साहेब शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘काय झालं, कधी झालं, काय पाहिजे, एवढंच लिही. इंग्रजी मागून येतं.’ ते खरंच मागून आलं. आज जर्मनीतल्या ४ माणसांशी माझा रोजचा पत्रव्यवहार आहे आणि गेल्या ५ वर्षांतले बहुतेक ८डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय मांडणारे अहवाल, माझ्या हातचे आहेत. तेव्हा हे पत्र इंग्रजीला घाबरून लिहिलेलं नाही, एवढं आधी सांगते.

परिपत्रकातलं सगळंच मला अमान्य आहे असंही नाही. विषयाच्या ओळीत पार्ट नंबर आणि लॉट नंबर हवाच, मी स्वतः ट्रेनींकडून तो लिहून घेते. ४० जणांना ‘रिप्लाय ऑल’ करून ‘थँक्स’ पाठवू नये, हेही बरोबर. ६ महिन्यांच्या ट्रेल मेलखाली नवा विषय सुरू करू नये, हेही. या गोष्टी शिकवल्या पाहिजेत. पण शिकवणं एक आणि महिन्याला गुण कापून यादी भिंतीवर लावणं वेगळं.

मे महिन्यात हीट ट्रीटमेंटला, म्हणजे भट्टीत तापवून भाग कठीण करतात तिथे, काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण रिपोर्टमध्ये जे आलं तेवढंच माहीत आहे. बाकीचं मी सांगते.

दुसऱ्या शिफ्टचे सुपरवायझर, ज्यांना अख्खा कारखाना नाना म्हणतो, त्यांना रात्री साडेदहाच्या सुमाराला २ नंबर फर्नेसच्या लॉटची हार्डनेस घसरलेली दिसली. ड्रॉइंगवर ५८ ते ६२ एचआरसी (कठीणपणाचं माप) आहे, त्यांना ५७ आणि ५६ मिळत होती. मार्चपर्यंत अशा वेळी नाना काय करायचे? ग्रुपवर एक ओळ टाकायचे : ‘२ नंबर फर्नेस ५७ येतेय, लॉट पुढे सोडू नका, थर्मोकपल बघा.’ (थर्मोकपल म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारं साधन.) ती ओळ मी घरी वाचायचे, मेंटेनन्सवाले वाचायचे, ग्राइंडिंगवाले वाचायचे. सकाळी ७ वाजता पहिली शिफ्ट येईपर्यंत लॉटला लाल टॅग लागलेला असायचा.

या वेळी नानांनी तसं केलं नाही. एप्रिलमध्ये त्यांचे दोनदा गुण कापले गेले होते, एकदा मराठीत लिहिलं म्हणून आणि एकदा इंग्रजीत लिहिलं पण ‘अस्पष्ट’ आहे म्हणून. बोर्डावर त्यांचं नाव खालून दुसरं होतं. २६ वर्षं भट्टीपाशी काढलेल्या माणसाचं नाव, काल लागलेल्या पोरांच्या खाली. त्या रात्री त्यांनी फोन काढला, लिहायला घेतलं, खोडलं, आणि रॅकला हाताने लिहिलेली चिठ्ठी अडकवली. चिठ्ठी पडली. सकाळी लॉट ग्राइंडिंगला गेला. पुढचे ३ दिवस आम्ही ६४० नग एकेक करून तपासत होतो.

नंतर कँटीनबाहेर नाना मला म्हणाले, ‘ताई, चुकीचं इंग्रजी लिहून पोरांपुढं हसं करून घ्यायचं, त्यापेक्षा सकाळी तोंडी सांगू म्हटलं.’ त्यांना मेमो मिळाला. कारण लिहिलं होतं : माहिती देण्यात विलंब.

महोदय, विलंब नानांनी केला नाही. तुमच्या नियमाने त्यांचं तोंड बंद केलं. माझ्या विभागातला आकडा सांगते, कारण तो मी रोज भरते : मार्चमध्ये फ्लोअरवरून ग्रुपवर आलेल्या सूचना ४१ होत्या, मेमध्ये १२. दोष कमी झाले म्हणून सूचना कमी झाल्या असं तुमच्या सादरीकरणात दाखवलं गेलं. रिजेक्शन मात्र तेवढंच आहे. कमी झालं ते सांगणं. माणसं गप्प झाली आहेत आणि भट्टीपाशी, प्रेसपाशी माणूस गप्प होणं किती धोक्याचं असतं, हे आपल्या धंद्यात कुणाला समजावून सांगायला नको.

आता सुराविषयी.

परक्या भाषेत लिहिणारा प्रत्येक माणूस आतून आपल्या भाषेतच बोलत असतो. मी एकदा ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सबद्दल, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाबद्दल, लिहिलं, ‘आय हॅव अ डाऊट’. माझ्या मनात मराठीतली ‘शंका’ होती. शाळेत हात वर करून बाईंना विचारतो ती, जिच्यात समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं हे गृहीतच असतं. तिकडच्या इंजिनीअरने वाचलं ते असं की हिला माझ्या ड्रॉइंगवर विश्वास नाही. त्याने माझ्या साहेबांना मेल टाकला. एका शब्दावरून आठवडाभर दोन टेबलांमध्ये थंडी पसरली होती.

‘डू द नीडफुल’ लिहिल्याबद्दल आमच्या डिस्पॅचच्या मुलाचे गुण कापले गेले. ‘आवश्यक ती कार्यवाही करावी’ ही ओळ त्याने तलाठी कार्यालयापासून महानगरपालिकेपर्यंतच्या कागदांवर वाचलेली आहे. ती सभ्यपणाचीच भाषा आहे. तिकडच्या वाचकाला नेमकं काय हवं ते त्यातून कळत नाही, हे खरं. मग त्याला तेवढं सांगा, की काय हवं ते आणि तारीख लिही. तो उद्यापासून लिहील.

सीसीचंही तसंच. आपल्याकडे साहेबांना सीसीमध्ये ठेवणं म्हणजे गोष्ट त्यांच्या कानावर घालणं. त्यात अदब आहे, थोडी काळजीही आहे, की उद्या कुणी म्हणू नये मला माहीत नव्हतं. तिकडे वरिष्ठाला सीसी केलं की समोरच्याला ती आपल्याविरुद्धची तक्रार वाटते. दोन्ही समज आपापल्या घरी बरोबर आहेत. फक्त ते एकमेकांना कुणी सांगितलेले नाहीत.

आणि हे एकाच बाजूने होत नाही, हा माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. जर्मनीतले आमचे सहकारीही परक्या भाषेतच लिहितात. त्यांच्याही इंग्रजीखाली त्यांची भाषा असते. ‘करेक्ट अनटिल फ्रायडे’ असा मेल आला तेव्हा आमच्या ट्रेनीला वाटलं, शुक्रवारपर्यंत दुरुस्त्या करतच राहायचं आहे. जर्मनमधला ‘बिस’ हा शब्द ‘अमुक दिवसाच्या आत’ यासाठीही चालतो, त्याचं ते शब्दशः इंग्रजी होतं. ‘सेंड द ॲक्च्युअल ड्रॉइंग’ असं आलं तेव्हा मी प्रत्यक्ष मोजलेल्या मापांचं ड्रॉइंग करून पाठवलं, त्यात दीड दिवस गेला. त्यांना हवी होती सध्याची, म्हणजे शेवटची रिव्हिजन. जर्मनमध्ये ‘आक्टुएल’ म्हणजे सध्याचं. सगळ्यात महागात पडलं ते ‘इव्हेन्चुअली’. ‘वी विल इव्हेन्चुअली नीड २००० पीसेस’ असा मेल आला. इंग्रजीत त्याचा अर्थ शेवटी लागतीलच. आम्ही माल तयार केला, पॅक केला. त्यांच्या ‘इव्हेंटुएल’चा अर्थ आहे कदाचित. त्या पेट्या अजून स्टोअरच्या मागच्या भिंतीला लागून आहेत.

या तिन्ही मेलसाठी कुणाचे गुण कापले गेले नाहीत. ते कापावेत असं मी मुळीच म्हणत नाही. ते इंजिनीअर मनाने चांगले आहेत. त्यांचे मेल मला सुरुवातीला फार लागायचे. नमस्कार नाही, नाव नाही, नुसतं ‘दिस इज राँग’. मग ते एकदा नाशिकला आले, ८ दिवस आमच्याबरोबर लाइनवर उभे राहिले, मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी काढलं तरी वाटी सोडली नाही. तेव्हा कळलं की ते ‘राँग’ म्हणतात ते भोक ०.२ मिलिमीटर सरकलंय या अर्थाने, मला उद्देशून नव्हे. तेव्हापासून त्यांच्या मेलचा मला त्रास झाला नाही. ८ दिवसांत जे झालं ते कुठल्याही निर्देशांकाने झालं नसतं.

आकड्यांचाही उल्लेख करायला हवा, कारण तिथे सुराचा प्रश्न नसतो, थेट पैशाचा असतो. जर्मनीत हजाराला टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. त्यांचे १.५०० म्हणजे आपले दीड हजार, आणि त्यांचे ०,०५ म्हणजे आपले ०.०५. आपण दीड लाख १,५०,००० असा लिहितो, तो त्यांना टायपिंगची चूक वाटतो. त्यात आपल्या एका ग्राहकाचं कार्यालय अमेरिकेत आहे. ०३/०४ ही तारीख नाशिकला ३ एप्रिल असते आणि त्यांना ४ मार्च. तारखा कशा लिहाव्यात याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ८६०१, १९८८ पासून आहे. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलं की वाद उरत नाही. तुमच्या १४ पानी परिपत्रकात सुरावर ६ पानं आहेत, तारखेवर आणि दशांश चिन्हावर एक ओळही नाही.

नावांचं थोडक्यात सांगते. आमच्या मेलवर आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दिसतं. मला कित्येक वर्षं ‘डिअर मिस्टर’ लावून माझ्या नवऱ्याच्या नावाने मेल येत होते. मी ते मनावर घेतलं नाही, पण दुरुस्त करा म्हणून आयटीला तीनदा सांगितलं. दुसरीकडे एका नव्या मुलाने जर्मनीतल्या आंद्रेआ नावाच्या बाईंना ‘मिस्टर’ लिहिलं, तर त्याचे गुण गेले. इटलीत आंद्रेआ पुरुषाचं नाव असतं, जर्मनीत बाईचं. हे त्या सटाण्याच्या मुलाला कुणी सांगायचं होतं?

आता २ तासांचा नियम. उन्हाळ्यात आपलं घड्याळ जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेचार तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि ऐन दिवाळीच्या आगेमागे आपला रोजचा साडेचारचा कॉल साडेपाचला जातो. साडेपाचला जनरल शिफ्ट सुटते, दहा मिनिटांत नाशिकरोडची बस निघते. गेल्या हिवाळ्यात ५ महिने आमच्या विभागातल्या दोघी जणी कॉल संपवून पाथर्डी फाट्यापर्यंत मिळेल त्या रिक्षाने गेल्या. तिकडून दुपारी ४ वाजता पाठवलेला मेल इकडे संध्याकाळी साडेसात-साडेआठला पडतो. तेव्हा मी स्वयंपाकघरात असते, आणि पहिल्या शिफ्टचा माणूस पहाटे ५ ला उठायचं म्हणून आडवा झालेला असतो. त्याच्या झोपेचे गुण तुम्ही कापता.

मेल कसा लिहावा यावर जगात नव्याने विचार करायची गरज नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक नियमावली तयार केली, आरएफसी १८५५ या क्रमांकाने ती आजही मिळते. त्यात सांगितलं आहे की तुमचा मेल पोचेल तेव्हा समोरचा माणूस घरी झोपलेला असू शकतो, त्याला उठून कामावर येऊ द्या, मगच त्याला पर्वा नाही असं ठरवा. त्यात असंही आहे की वाचणाऱ्याची संस्कृती, भाषा आणि विनोद तुमच्यापेक्षा वेगळे असतील, आणि तारखा, मापं, वाक्प्रचार दुसऱ्या देशात नीट पोचत नाहीत. सुमारे ३० वर्षांपूर्वी हे लिहिलं गेलं, तेव्हा आपल्या कारखान्यात फॅक्ससुद्धा नवलाचा होता.

आणि हे फक्त शिष्टाचाराचं राहिलेलं नाही. तुमच्याच मुख्य कार्यालयाच्या देशात फोक्सवॅगनने २०११ मध्ये कामगार प्रतिनिधींशी ठरवून, शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासाने कर्मचाऱ्यांच्या फोनवर मेल जाणं बंद केलं होतं. फ्रान्समध्ये कामानंतर संपर्कात न राहण्याच्या हक्काचा कायदा १ जानेवारी २०१७ पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं, ते कायद्यापर्यंत गेलं नाही. कायदा नाही म्हणून तुम्हाला मोकळीक आहे, हे मला समजतं. पण तिकडचे सहकारी ऑगस्टमध्ये ३ आठवडे रजेवर जातात, त्यांचा आपोआप उत्तर देणारा मेल येतो आणि आम्ही तो मान देऊन थांबतो. नाशिककर रंग खेळतो तो रंगपंचमीला. रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, त्याच दिवशी उघडतात, सगळं शहर रस्त्यावर असतं. यंदा त्या दिवशी दुपारी ऑनलाइन ऑडिट ठेवलं गेलं. आम्ही ते केलं. मात्र आपल्या सुट्ट्या त्यांच्या कॅलेंडरवर आहेत का, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सुरक्षा, यंत्राचा बिघाड आणि गुणवत्तेची कुठलीही सूचना कोणत्याही भाषेत, कशीही लिहिलेली चालली पाहिजे. मराठीत, हिंदीत, रोमन लिपीत, आवाजाच्या मेसेजमध्ये, फोटोवर बोट दाखवून. तिला गुणांच्या कक्षेतून आजच बाहेर काढा. मुख्य कार्यालयाला इंग्रजीत हवी असेल तर भाषांतर आम्ही ऑफिसात बसलेले लोक करू. मी स्वतः रोज अर्धा तास द्यायला तयार आहे. ते नानांचं काम नाही.

उत्तराची वेळ मेल मिळणाऱ्याच्या कामाच्या तासांत मोजा. खरोखर तातडीचं असेल तर फोन करा. रात्री फर्नेस बंद पडली म्हणून आलेल्या फोनला आमच्यापैकी कुणी कधी नाही म्हटलेलं नाही. हिवाळ्यातल्या कॉलची वेळ बदला, किंवा बस थांबवा.

जे नियम आहेत ते दोन्ही बाजूंना सारखे करा. तारीख, दशांश, नावाचा क्रम, सीसीचा अर्थ, फसवणारे शब्द, यांचं एक पान तयार करा आणि ते अंबडमध्येही लावा, जर्मनीतही लावा. त्या पानासाठी फ्लोअरवरची दोन माणसं समितीत घ्या. माझ्याकडे १९ वर्षांची वही आहे, ती मी देईन.

सूर खटकला तर आधी त्या माणसाशी बोला. सॉफ्टवेअरला ‘शंका’ कळत नाही. कँटीनमधली यादी काढून टाका.

आणि नानांचा मेमो मागे घ्या. लेखी, आणि मराठीत, म्हणजे त्यांना तो कुणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही. डिसेंबरमध्ये ते निवृत्त होत आहेत. सर्व्हिस फाइलमधला शेवटचा कागद हा असता कामा नये.

या पत्राबद्दल माझ्याशी बोलायचं असेल तर मी कधीही तयार आहे. सही मी मुद्दाम हाताने करते आहे, आणि मूळ प्रत तुमच्या कार्यालयात दिली आहे.

कळावे,
आपली,
गुणवत्ता विभागातील एक कर्मचारी
अंबड, नाशिक